जुना ओव्हन, आजेसासूबाईंच्या बरण्या: घरचा पाव आणि साठवण यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात दुकानातून नवीकोरी आणलेली वस्तू शोधावी लागेल. ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) कॅम्पातल्या एका फौजी कुटुंबाचा, पावाचे टिन एका बंद पडलेल्या बेकरीतले, बरण्या आजेसासूबाईंच्या आणि वजनकाटा पुतण्याच्या मोडलेल्या मेसमधला. याच सामानावर दर आठवड्याला आमचा पाव होतो आणि उन्हाळ्यात वर्षाची साठवणही. गल्लीतल्या, माहेरच्या निपाणीकडच्या, खानापूरकडच्या बायका (हल्ली पोरंही) तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. माझं म्हणणं आधीच सांगते. भांड्यावर, टिनावर, डब्यावर पैसा खुशाल वाचवा. वीज, वाफेचा दाब आणि झाकण घट्ट लावून ठेवलेला ओला पदार्थ, या तीन ठिकाणी वाचवू नका.

जुना ओटीजी मिळतो कुठं?

आपल्याकडे कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि सांबऱ्याला हवाई दल. दोन्हीकडे बदल्या कायमच्या. शाळांच्या परीक्षा संपल्या की सामान बांधायला सुरुवात होते आणि ओव्हन, मिक्सर, बेकिंगचे ट्रे यांना ट्रकमध्ये जागा नसते. मार्च ते जून ओळखीच्यांच्या कानावर घालून ठेवा. भंगारवाल्यालाही सांगून ठेवायला हरकत नाही. तो ओव्हन किलोच्या भावानं उचलतो, त्यामुळं चार पैसे जास्त दिले की आपल्याला आधी आणून दाखवतो.

घेताना काय बघायचं?

प्लग लावून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, मग मालक कितीही घाईत असो.

आधी वायर आणि प्लग. तीन पिना हव्यात, जाड, १६ अँपिअरच्या. वरची जाड पिन कापून टाकलेली असेल तर तो ओव्हन तसाच परत द्या. ती पिन म्हणजे अर्थिंग, आणि बाहेरचा पत्रा धातूचा आहे. चालू केल्यावर पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा मिणमिणला तरी नको.

मग रॉड. वरचे वेगळे, खालचे वेगळे आणि दोन्ही एकदम असं बटण फिरवून बघा, पाच मिनिटांत लाल झाले पाहिजेत. मी पहिला ओव्हन घेतला तेव्हा दुकानदारानं वरचा रॉड लावून दाखवला, मी खूश होऊन रिक्षात घालून आणला. पहिला पाव वरून सोन्यासारखा आणि तळाला पिठूळ. दुसऱ्या दिवशी खालचं बटण फिरवलं तर काहीच नाही. खालचा रॉड मेलेलाच होता. रॉड बदलून मिळतो, तो काही मोठा खर्च नाही, पण तो किमतीतून वजा करूनच भाव करायचा असतो हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

थर्मोस्टॅटचं बटण फिरवताना 'टक्' असा आवाज यायला हवा. दार लावून फटीत कागदाची पट्टी धरा आणि ओढा. सहज निसटली तर उष्णताही तिथूनच निसटणार. काचेला बारीक तडा असेल तर नको. आत कुठून कापसासारखं पांढरं बाहेर आलेलं दिसलं तरी नको. बाकी पोचे, उडालेला रंग, चिकट बटणं यांचं काही वाटून घेऊ नका. ती तुमची भाव पाडायची संधी.

घरी आणल्यावर स्वच्छ पुसून अर्धा तास रिकामाच २०० अंशांवर चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. आधीच्या घरातल्या चिकनचा वास केकला नको.

बटणावर १८० लिहिलंय, पण आत खरंच १८० असतं का?

बहुतेक नसतं. जुन्या ओव्हनचा थर्मोस्टॅट वीस-तीस अंशांनी खोटं बोलतो, आणि नेहमी एकाच बाजूला बोलतो हे त्यातल्या त्यात बरं. ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर ही मी नवी घेतलेली एक वस्तू. तो नसेल तर साखरेनं बघता येतं. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, ओव्हन १८० वर नीट तापवून पंधरा मिनिटं आत ठेवा. दाणे तसेच राहायला हवेत. मग १९० वर आणखी पंधरा मिनिटं, आता पाणी व्हायला हवं. १८० वरच वितळली तर तुमचा ओव्हन तापट आहे, २०० वरही खडखडीत राहिली तर थंड. जे निघेल ते चिकटपट्टीवर लिहून दारावर लावा. आमच्या दारावर '२० कमी लाव' असं लिहिलेलं आहे. पाहुणे विचारतात, हे काय.

काकू, ओव्हन परवडत नाही. कुकरमध्ये पाव होतोय का?

होतो, पण कुकरच्या झाकणाशिवाय. शिट्टी आणि रबर काढून झाकण लावा असं सगळेच सांगतात. झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो हे कोणी सांगत नाही. बऱ्याच कुकरांत त्यात ठरावीक उष्णतेला वितळणारा धातू असतो. आत पाणी नसताना कोरडी आच लागली की तो वितळतो किंवा अर्धवट मऊ होतो. मग तेच झाकण लावून तुम्ही दुसऱ्या दिवशी डाळ शिजवणार. त्यापेक्षा झाकण हरवलेला जाड बुडाचा कुकर भंगारात फार स्वस्त मिळतो, तो घ्या. तळाला दोन बोटं खडा मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू, त्यावर एक कडं, वर साजेशी जड परात झाकण म्हणून. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवून मग टिन ठेवायचा आणि आच बारीक करायची. पाव पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो. वरून रंग येत नाही, पांढराच राहतो. शेवटी उलटा करून तव्यावर दोन मिनिटं ठेवला की तोंड उजळतं. असा वापरलेला कुकर पुन्हा दाबासाठी वापरायचा नाही, कोरड्या आचेनं त्याचा तळ वाकलेला असू शकतो.

बिडाची जाड कढई असेल तर तीही चालते, उलट जास्त चांगली. मात्र उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओळख आहे म्हणून बिडाची एखादी सुटी प्लेट आणून त्यावर भाजू नका. ती कशासाठी ओतली, तिच्यावर कसलं तेल मुरलंय, सांगता येत नाही.

लाइट बिल किती येतं?

१५०० वॅटचा ओटीजी पाऊण तास सतत चालला तर सव्वा युनिटच्या आतच. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण तापल्यावर रॉड मधूनमधून बंद होतात. आपल्याकडे २०२३ पासून गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना) आहे, तेव्हा आपली ठरलेली युनिटं किती ते बिलावर बघून ठेवा. ती मागच्या सरासरीवर ठरलेली असतात. सगळ्यांना सरसकट २०० मिळतात असं समजून रोज ओव्हन लावू नका.

खरी बचत एकदा तापलेला ओव्हन पूर्ण वापरण्यात आहे. आमच्याकडे रविवारी सकाळी आधी २०० वर दोन पाव, ते निघाले की १७० वर नानकटाई किंवा केक, मग ११० वर मागच्या आठवड्याच्या पावाचे टोस्ट. बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेत कढीपत्ता आणि लिंबाच्या साली. एकट्या पावासाठी ओव्हन लावणं मला अजूनही जिवावर येतं.

साध्या पावाचं प्रमाण सांगा, वाटीचं नको, वजनाचं.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० ते ३२० मिली, मीठ १० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम, कोरडं इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम. नऊ बाय साडेचार इंचाच्या एका टिनाला एवढं पुरतं.

पाणी नुसतं कोमट. करंगळी बुडवून ना गरम ना गार वाटलं पाहिजे. कढत पाण्यात यीस्ट मरतं आणि मेलेलं यीस्ट दिसायला जिवंत यीस्टासारखंच असतं. सगळं एकत्र करून आधी वीस मिनिटं तसंच झाकून ठेवा, मग मळा. या वीस मिनिटांत पीठ स्वतःच अर्धं तिंबलं जातं, हात कमी दुखतात. मी जुन्या लाकडी काटवटीत मळते. सुरुवातीला पीठ हाताला धरतं, तिथं घाबरून मैदा टाकत सुटू नका. दहा मिनिटांनी ते आपसूक काटवट सोडतं. लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणून उजेडाकडे धरा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता आला की झालं.

दुप्पट फुगू द्या. मग हवा काढून घट्ट वळकटी करा आणि तेल लावलेल्या टिनात सांध्याची बाजू खाली ठेवा. कडेच्या वर बोटभर आला की २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. टिनातून काढून तळाला टिचकी मारा. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर शिजला, बद्द आला तर टिनाशिवाय आणखी पाच मिनिटं आत. टोकदार थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश.

आणि गरम असताना कापू नका. मला माहीत आहे तुम्ही कापणार, पण तासभर तरी थांबा, नाहीतर आतला भाग सुरीला चिकटून गोळा होतो.

पावसाळ्यात पीठ फुगतच नाही.

फुगतं, उशिरा. मे महिन्यात तासात होणारं काम जुलैत अडीच तास घेतं, कारण आपल्या घरात तेव्हा वीस-बावीस अंशच असतात. खानापूरकडे तर त्याहून गार. यीस्ट वाढवू नका, पावाला दारूसारखा वास येतो. बंद ओव्हनमध्ये कढत पाण्याचं पातेलं आणि शेजारी पीठ ठेवा. किंवा उलटं करा: यीस्ट २ ग्रॅमवर आणा, रात्री मळून ओट्यावर झाकून ठेवा, सकाळी भाजा. पावसाळ्यातला असा सावकाश फुगलेला पाव मला तरी उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त आवडतो. मेमध्ये मात्र रात्रभर बाहेर ठेवू नका, सकाळी काटवटीबाहेर आलेलं दिसेल.

यीस्ट कुठून आणायचं? उघडं पाकीट किती टिकतं?

रविवार पेठेतल्या मोठ्या किराणा दुकानांत कोरडं मिळतं. अर्ध्या किलोचं पाकीट चौघींनी वाटून घ्या, काचेच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. महिनोन्महिने चालतं. शंका आली तर अर्धा कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून दहा मिनिटं बघा. फेस आला नाही तर टाकून द्या. ओळखीची बेकरी असेल तर ओलं यीस्टही मिळतं, ते कोरड्याच्या तिप्पट घ्यायचं आणि आठवड्यात संपवायचं. गोव्याकडचे पोदेर (पाववाले) पूर्वी माडाच्या सुरेवर पाव फुगवायचे. इथं ताजी सूर कुठली मिळायला, म्हणून तो नाद मी केला नाही.

गव्हाच्या, खपलीच्या, जोंधळ्याच्या पिठाचा होईल का?

गिरणीतल्या गव्हाच्या पिठाचा होतो. ते पाणी जास्त पितं. ५०० ग्रॅमला ३५० ते ३७५ मिली लागतं. पहिल्यांदा अर्धा मैदा, अर्धी कणीक घ्या. दळून आणलेलं पीठ गिरणीतून गरम येतं. पूर्ण निवल्यावर वापरा.

खपली गहू आपल्या भागातलाच, त्याची खीर आणि पोळी उत्तम, पण त्यातलं ग्लुटेन (पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा) नाजूक. नुसत्या खपलीचा पाव ढासळतो. तीस टक्क्यांपर्यंत घाला आणि कमी मळा. जोंधळ्यात ग्लुटेन नाहीच, तेव्हा पावाचा हट्ट सोडा. कडक भाकरी हाच जोंधळ्याचा टिकाऊ पाव आहे, आणि तो उत्तर कर्नाटकातल्या बायकांनी कधीच शोधून ठेवलाय. चांगली वाळलेली कडक भाकरी डब्यात महिनाभर राहते, ओव्हन लागत नाही.

पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो.

रताळं घाला. बेळगाव तालुक्यात रताळ्याचा हंगाम आला की बाजारात ढीग लागतात आणि भाव पडतो. ५०० ग्रॅम मैद्याला १५० ग्रॅम उकडून कुस्करलेलं रताळं, आणि पाणी ७० ते ८० मिलीनं कमी. पाव तीन दिवस मऊ राहतो, रंगही छान येतो, साखर निम्मी पुरते. बटाटाही चालतो, आणि बटाटे उकडलेलं पाणी तर फेकूच नका, त्यातच पीठ मळा.

पाव फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथं तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एकतर बाहेर कापडात किंवा काप करून थेट फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी येते. हिरवा ठिपका खरवडून बाकीचा खाणं हे काटकसरीत बसत नाही, बुरशीची मुळं आत गेलेली असतात. मे महिन्यात कधी पावाच्या मध्याला पिकलेल्या अननसासारखा वास आणि चिकट तार येते. तो वेगळा जंतू. पूर्ण पाव फेकायचा, टिन आणि काटवट व्हिनेगरनं पुसून उन्हात ठेवायची आणि पुढच्या वेळी पिठात चहाचा चमचाभर व्हिनेगर घालायचं.

जुने पावाचे टिन गंजलेत. वापरू का?

वरवरचा गंज चिंचेच्या पाण्यानं घासून निघतो. लगेच पुसून कोरडा करा, तेलाचा हात फिरवा आणि रिकामा ओव्हनमध्ये भाजा. तीन-चार वेळा असं केलं की काळा, गुळगुळीत होतो आणि पाव चिकटत नाही. पत्रा पोखरून भोकं पडायला आली असतील तर सोडा. जस्ताचा पांढरा पत्रा (बादल्यांचा असतो तो) भाजायला अजिबात नको. रंगाचे, ऑइलचे डबे कापून साचे करणारे महाभाग मी पाहिले आहेत, तेही नको. नॉनस्टिक खरवडून पापुद्रे निघत असतील तर त्या ट्रेमध्ये खिळे ठेवा.

बरण्या कशा पारखायच्या?

चिनी मातीच्या बरणीला बोटाच्या पेरानं टकटक करा. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर तडा आहे, दिसत नसला तरी. मग पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर तिच्यात मीठ-तेल झिरपणार. आतला लुकण (झिलई) उडालेला असेल, विशेषतः रंगीत नक्षी आतल्या बाजूला असेल, तर आंबट पदार्थ भरू नका, जुन्या लुकणात शिसं असू शकतं. अशा बरणीत आम्ही लाकडी चमचे ठेवतो.

काचेच्या बाटल्यांची काच चिरकाल, झाकण मात्र एका वापराचं समजा. आतला रबरी थर कडक झाला, पिवळा पडला किंवा लोणच्याचा वास धरून बसला की नवं झाकण घ्या. बाटलीच्या ओठावर नख फिरवून खाच आहे का बघा. भरण्याआधी बाटल्या गार पाण्यात ठेवून उकळी आणा. पुस्तकात दहा मिनिटं लिहिलेलं असतं, आपल्याकडे तेरा करा.

तेरा का?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. डाळीला एक शिट्टी जास्त लागते तेच कारण.

हे मी जॅमवर शिकले. पाककृतीत लिहिलं होतं, १०५ अंशांवर जॅम तयार. पेरूचा रस आणि साखर उकळत ठेवली, थर्मामीटर घेऊन बसले. १०२ वर पळी तिरकी केली तेव्हा थेंब एकत्र येऊन पदरासारखे पडायला लागले होते, पण मी हट्टानं १०५ ची वाट बघितली. सकाळी बाटलीत सुरी उभी राहिली. पोरांनी त्याचे तुकडे पाडून चॉकलेट म्हणून खाल्ले. इथं १०२ ते १०३ पुरे. थर्मामीटर नसेल तर गार बशीवर थेंब टाका, मिनिटभरानं बोटानं ढकला, सुरकुती पडली की उतरवा. साखर कमी करायची असेल तर करा, पण मग तो जॅम फ्रीजमधला. बाहेर टिकण्यासाठी तयार जॅममध्ये ६५ टक्क्यांच्या पुढे गोडवा लागतो.

पितळी पातेलं आहे आजीचं, त्यात मुरांबा करू का?

कल्हई असेल तर शिजवायला हरकत नाही, साठवायला नाही. कल्हई करून घेताना शुद्ध कथिलाचीच हवी असं बजावून सांगा, स्वस्तातल्या कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात आंबट काहीच नको. जुन्या ऍल्युमिनियमच्या डेगच्यांतही चिंच, कोकम, टोमॅटो नको. मी मुरांबा स्टीलमध्ये करते, पितळी पातेल्यात पीठ फुगवते. पितळ ऊब छान धरतं.

मटार, बीन्स, मक्याचे दाणे उकळून बाटलीत हवाबंद केले तर वर्षभर राहतील ना?

नाही, आणि हा प्रश्न गंमतीचा नाही. आंबट नसलेल्या भाज्या, डाळी, मांस हवाबंद केलं की आत बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, आणि आपल्याकडे तर पाणी शंभरलाही पोचत नाही. बाटलीतली हवा गेली की त्याला हवं तेच मिळालं. भाजी दिसायला, वासाला चांगली असते आणि विष जिवावर बेततं. ते बीजाणू मारायला दाबाखाली ११६ ते १२१ अंश बराच वेळ, मोजूनमापून द्यावे लागतात आणि त्यासाठीचं भांडं वेगळं असतं. आपला घरचा कुकर ते नव्हे. 'पाच शिट्ट्या काढल्या' हे माप इथं चालत नाही. अशा भाज्या वाळवा, खारवा किंवा फ्रीजरमध्ये ठेवा.

लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणंही याच जातीचं. दोन-तीन दिवसांत संपेल एवढंच करा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

टोमॅटो आंबटपणात काठावर आहे. भाव पडला की सगळ्यांना घट्ट रस करून ठेवायचा असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीला पाव चहाचमचा सायट्रिक ऍसिड घालून, उकळता रस भरून, झाकण लावून, पूर्ण बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटं. गार झाल्यावर झाकणाचा मध्य आत ओढला गेला नाही तर ती बाटली फ्रीजमध्ये आणि आठवड्यात संपवा. यात कांदा, लसूण, मिरची काही घालू नका. फोडणी खाताना द्या.

लोणच्यात मीठ कमी केलं तर चालेल का? घरात बीपी आहे.

मग लोणचं कमी खा, लोणच्यातलं मीठ कमी करू नका. चिरलेल्या किलोभर कैरीला १८० ते २०० ग्रॅम मीठ, वर बोटभर तेल. रंजक्याला मी जास्त घालते. लालभडक पिकलेल्या ओल्या मिरच्या किलोभर, मीठ पावशेर, लिंबाचा रस, भाजलेल्या मेथ्यांची पूड. मिरच्या धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतलं तर पाणी आत शिरतं आणि महिन्यात वर पांढरी जाळी येते. बरणीला धातूचं झाकण नको, मिठानं गंजतं. दादरा (तोंडावरचं फडकं) बांधा. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर लाकडी चमच्यानं वरखाली करायचं.

वाळवणाला वळीव गाठतो दरवर्षी.

गाठणारच. एप्रिल-मेमध्ये चारच्या पुढं पश्चिमेला ढग दिसले की गच्चीवर पळायची तयारी ठेवायची. सांडगी मिरच्या मी सकाळी आठ ते तीनच ठेवते. अर्धवट वाळल्या आणि पाऊस लागला तर ओव्हन सगळ्यात कमी आचेवर, दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून, दोन तास. वाळलं असं वाटलं की काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर वाफ दिसली तर परत उन्हात. या एका परीक्षेनं माझे निम्मे पदार्थ वाचलेत.

जांभळाचं, कोकमाचं सरबत टिकवायला पावडर किती?

लाल-जांभळ्या रसाला सोडियम बेंझोएट, दुसरी जी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पावडर असते तिनं रंग उडतो. लिटरला ०.७ ग्रॅम. एवढं घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ७ ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा आणि लिटरभर सरबताला त्यातलं १० मिली घाला. चिमटीनं टाकू नका. खानापूरचे ताजे रातांबे (कोकमाची फळं) मिळाले तर पावडरही नको, सालींवर थराथरानं साखर घालून बरणी उन्हात ठेवा, अमृत कोकम आपोआप सुटतं.

घरचा पाव विकला तर?

एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून मग विका. शेजारणीला दिलेला पाव वेगळा आणि पैसे घेऊन दिलेला वेगळा.

काकू, तुमचा ओटीजी विकायचाय काय?

नाही. खालचा रॉड बदललाय, दाराची स्प्रिंग बदललीय, आता कुठं माझं ऐकायला लागलाय. पण माळ्यावर पाच लिटरचा बिनझाकणाचा कुकर आहे, तो घेऊन जा. तळ सपाट आहे, मी पट्टी लावून बघितलाय. मीठ मात्र तुमचं तुम्ही आणा.